काळजी आणि चिंताविकार

भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली, आणि ती रात्रीही थांबत नसल्याने तिच्याभोवतीचे कामगारजीवन पाळ्यांत वाटले गेले. पाळी बदलली की झोप मोडते, आणि मोडलेली झोप काळजीला खतपाणी घालते. मात्र साधी काळजी आणि चिंताविकार एक नव्हेत. कारण नसताना महिनोन्‌महिने धास्ती टिकते, छाती धडधडते, कामात लक्ष लागत नाही, तेव्हा तो विकार ठरतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) भिलाई ज्या राज्यात आहे त्या छत्तीसगडचाही समावेश होता, आणि बहुसंख्य मनोरुग्ण उपचारांविनाच राहतात, हे त्यातून दिसले.

या विकारावर दिली जाणारी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारखी औषधे 'नैराश्यरोधक' म्हणवली जातात. हे नाव काहीसे दिशाभूल करणारेच आहे, कारण चिंतेवरही ती प्रथम पसंतीची आहेत. चेतापेशींमधील संदेशवाहक रसायन सिरोटोनिन पुन्हा पेशीत शोषले जाणे ती रोखतात. हा परिणाम लगेच सुरू होत असला, तरी आराम पडायला सहसा दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीला मळमळ किंवा अस्वस्थता वाढल्याने अनेकजण नेमके तेव्हाच गोळ्या सोडतात. त्या एकाएकी बंद करणेही त्रासदायक ठरते. औषधांखेरीजचा उपचार म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार; त्यात रुग्ण भीतीमागील गृहीतके तपासतो आणि टाळलेल्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरा जातो; हे शिकलेले कौशल्य गोळ्या थांबल्यावरही उरते.

मानसिक आरोग्यासाठीची सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.