शांतता हे रोजचे काम आहे : भिवंडीच्या मोहल्ला समित्यांचा धडा

भिवंडीचे नाव निघाले की महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला दोन साले आठवतात : १९७० आणि १९८४. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि तिची झळ जळगाव-महाडपर्यंत पोहोचली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची बारकाईने चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपातावरही बोट ठेवले. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली, तेव्हा आग ठाणे आणि मुंबईत पसरली. पण या गावाचे तिसरेही एक साल आहे आणि त्याची आठवण फार कमी काढली जाते. ते साल १९९२. बाबरी मशीद पाडल्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली.

ही शांतता इथल्या यंत्रमागाच्या धंद्यामुळे टिकली, असे सहज म्हटले जाते. त्यात तथ्य आहेच. कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, कुणबी ही इथली जुनी माणसे. उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली आले आणि त्यांनी पद्मानगर वसवले. गुजराती-मारवाडी व्यापारी सुताच्या आणि कापडाच्या व्यवहारात उतरले. सूत व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलायचे, सायझिंगमध्ये त्याला खळ देऊन बीम भरायचे, ते बीम यंत्रमागावर चढवायचे आणि उतरलेले कोरे कापड दलालामार्फत पुन्हा व्यापाऱ्याकडे पोहोचवायचे. या साखळीत हिंदू आणि मुसलमान एकमेकांवाचून एक दिवसही काढू शकत नाहीत. माग थांबला की उधारी अडकते आणि कामगाराची मजुरी बुडते. पण ही साखळी १९७० मध्येही होती आणि १९८४ मध्येही होती. तरीही गाव जळले. व्यवहारातली ओळख आणि संकटात उपयोगी पडणारा विश्वास यांत अंतर असते. ते अंतर कोणीतरी मुद्दाम भरून काढावे लागते.

ते काम १९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी हाती घेतले. दंगल उसळल्यावर पुढाऱ्यांना बोलावून भरवायची शांतता समिती आपल्याकडे पूर्वीपासून होती. खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात, काहीच घडलेले नसताना समित्या बांधल्या. अशा सुमारे ७० समित्या उभ्या राहिल्या. सदस्य त्याच वस्तीतले, दोन्ही धर्मांचे आणि शक्यतो सारख्या संख्येने. पुढाऱ्यांपेक्षा दुकानदार, कामगार, कारखानेदार अशा रोज रस्त्यावर दिसणाऱ्या माणसांवर भर होता. त्या भागाचा पोलीसही बैठकीला हजर असे.

या बैठकांत चालायचे तरी काय? तुंबलेले गटार, नळावरची भांडणे, भाडेकरू आणि घरमालकाचा तंटा, शेजाऱ्यांची कुरबुर. वरवर पाहता यात धर्माचा संबंध नाही. पण दंगलीची ठिणगी बहुतेक वेळा अशाच किरकोळ भांडणात पडते आणि अफवा तिला धर्माचे नाव देते. महिनोन्महिने एका सतरंजीवर बसलेली माणसे अफवा आल्यावर आधी एकमेकांना विचारतात. पोलिसालाही वस्ती संशयित म्हणून न दिसता माणसांच्या नावांनिशी ओळखीची होते. मादन आयोगाच्या अहवालाने दाखवलेल्या पक्षपाताच्या दुखण्यावर मला तरी हाच खरा इलाज वाटतो.

डिसेंबर १९९२ मध्ये खोपडे यांच्या जागी गुलाबराव पोळ होते. त्यांनी समित्यांचे काम पुढे चालू ठेवले आणि समितीचे सदस्य पोलिसांच्या बरोबरीने वस्त्या सांभाळत राहिले. खोपडे यांनी पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकातून हा अनुभव मांडला. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम संबंधांवरच्या आपल्या अभ्यासात भिवंडीची दखल घेतली. मुंबईतही दंगलीनंतर तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

म्हणून भिवंडीत कायमचा सलोखा नांदला, असे मात्र नाही. ५ जुलै २००६ रोजी कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघांचा जीव गेला आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. हा वाद दोन धर्मांतला नव्हता, तो वस्ती आणि पोलीस यांच्यातला होता. जे नाते जपण्यासाठी समित्या होत्या, तेच नाते तुटले होते. विश्वास एकदा कमावून ठेव म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

भिवंडीचा धडा त्यामुळे अगदी साधा आहे. सलोखा भाषणांनी येत नाही आणि केवळ व्यापारानेही टिकत नाही. त्याला ठरलेली बैठक लागते, दोन्ही बाजूंची माणसे लागतात आणि निःपक्षपाती पोलीस लागतो. हे काम एखाद्या अधिकाऱ्याच्या आवडीवर न सोडता पोलीस ठाण्याच्या नेमून दिलेल्या कर्तव्यात आले पाहिजे, म्हणजे बदलीबरोबर ते संपणार नाही. नागरिकांनीही सण तोंडावर येण्याची वाट पाहू नये. आपल्या वस्तीत अशी समिती असेल तर तिच्या पुढच्या बैठकीला जा. नसेल तर आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन ती मागा.