प्लग किती घट्ट करावा?



दर अंकात मी आरोग्याविषयी किंवा मुलांच्या शिक्षणाविषयी लिहितो. या वेळी मोटरसायकलच्या स्पार्क प्लगविषयी लिहीत आहे. विषय पाहून हसू येईल. पण धडगाव परिसरातल्या पाड्यांवरचे आमचे निम्मे काम तुम्ही दिलेल्या गाडीवर चालते, आणि ती गाडी माझ्याच हातून बंद पडली होती.

गेल्या पावसाळ्यात घाटात गाडी मिसिंग करू लागली. मी प्लग काढला, कार्बन झाडला आणि परत बसवला. पुन्हा सैल होऊ नये म्हणून पान्याला पाइप अडकवून अंगातला सगळा जोर लावला. जितका घट्ट तितका चांगला, अशी माझी समजूत. पुढच्या महिन्यात प्लग काढायला गेलो तर तो हलेना. शेवटी निघाला, तेव्हा त्याच्यावर ॲल्युमिनियमचा चुरा चिकटलेला होता. इंजिनच्या हेडमधले आटे गेले होते. गाडी आठ दिवस शहाद्याला पडून राहिली.

त्याच आठवड्यात एका पाड्यावरून निरोप आला. सिकलसेल असलेल्या एका मुलीला असह्य वेदना सुरू झाल्या होत्या. एरवी मी तासाभरात तिथे पोहोचलो असतो. त्या दिवशी तिच्या वडिलांनी आणि काकांनी बांबूला झोळी बांधून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणले. सकाळी दवाखान्यात पोहोचायची ती मुलगी संध्याकाळी पोहोचली. आज ती बरी आहे, शाळेत जाते. पण ते सगळे तास तिने झोळीत कण्हत काढले, हे मी विसरू शकत नाही.

नंतर मेकॅनिकने मला समोर बसवून शिकवले. प्लगचे आटे पोलादाचे आणि हेडचे ॲल्युमिनियमचे असतात. पोलाद कठीण, ॲल्युमिनियम मऊ. जोर जास्त झाला की मऊ धातू हार खातो. प्लग खराब झाला तर तो बदलता येतो, पण हेडचे आटे गेले तर भोक मोठे करून आत नवी कॉइल किंवा बुश बसवावा लागतो.

म्हणून प्लग सैल ठेवावा असेही नाही. प्लगच्या बुडाशी एक पोकळ वॉशर असतो. प्लग आवळताना तो दबून चपटा होतो आणि इंजिनमधला वायू बाहेर जाऊ देत नाही. प्लगच्या टोकाची उष्णताही आटे आणि वॉशर यांच्यातूनच हेडमध्ये उतरते. प्लग सैल असला तर वायू गळतो, टोक प्रमाणाबाहेर तापते आणि हादऱ्यांनी आटे झिजतात. दोन्हीकडे नुकसानच.

आता आम्ही पुढील क्रमाने काम करतो :

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम हेडमधून प्लग काढल्यास आट्यांना इजा होते.

२. प्लगची टोपी काढून भोवतीची माती फुंकून किंवा ब्रशने साफ करावी. नाहीतर प्लग काढताच ती सरळ सिलिंडरमध्ये पडते.

३. बसवताना आधी पाना वापरू नये. प्लग हातानेच लावावा. हात पोहोचत नसेल तर पेट्रोलच्या जुन्या रबरी नळीचा तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर घालून फिरवावा. आटे तिरके लागले तर नळी घसरते आणि चूक वेळीच कळते. प्लग आधी थोडा उलटा फिरवून पाहिला तर आटे जुळल्याचा हलका ठोका हाताला लागतो.

४. वॉशर टेकेपर्यंत हातानेच आवळावे. मगच पाना लावावा. नवा प्लग असेल तर साधारण अर्धा फेरा. तोच प्लग परत बसवत असाल तर त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून फेऱ्याचा आठवा भाग पुरे. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर नवा प्लग बारावरून सहावर, जुना बारावरून दीडवर. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे दिले असेल तर तेच पाळावे.

५. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. त्याने प्लग सहज फिरतो आणि नकळत जास्त आवळला जातो.

टॉर्क रेंच असेल तर उत्तमच. १० मिमी आट्यांच्या प्लगला साधारण १० ते १२ आणि १४ मिमीच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांना १० मिमीचा प्लग आणि १६ मिमीचा पाना लागतो. टूलकिटमधला पाना आखूड असतो तो याचसाठी. त्याला पाइप जोडणे ही माझी पहिली चूक.

आता पाड्यावरचे तीन तरुण हे काम माझ्यापेक्षा चांगले करतात. त्यातला एक पान्याला हात लावण्यापूर्वी नेहमी विचारतो, ‘‘दादा, प्लग नवा की जुना?’’ तो प्रश्न मी त्या पावसाळ्यात स्वतःला विचारला नव्हता.

तुमच्या मंडळीत कोणी मेकॅनिक असतील तर त्यांनी एक दिवस आमच्यासाठी काढावा, ही विनंती. तरुणांना ब्रेक आणि चेन यांचे काम शिकायचे आहे. आणि तुमच्या स्वतःच्या गाडीचा प्लग पुढच्या वेळी काढाल, तेव्हा पान्याआधी बोटे वापरा.

प्रार्थनेत आमची आठवण असू द्या.

तुमचा सेवक बंधू