दोन तबकड्या, एक लय

मैत्रिणींनो, 'डीजे' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? माझ्या डोळ्यांपुढे येते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. खिडक्यांच्या काचा थरथरतायत, तान्हं बाळ दचकून उठलंय आणि म्हाताऱ्या सासूबाई छातीवर हात ठेवून बसल्यात. आमच्या महिला मंडळात मिरवणुकांच्या दिवसांत दरवर्षी हाच विषय. २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे आम्ही निवेदनांत इतक्यांदा लिहिलंय की आता पाठ झालंय! आपल्याकडे 'डीजे' म्हणजे माणूस नव्हेच. 'मांडव घातला' म्हणावं तसं आपण 'डीजे लावला' म्हणतो.

म्हणूनच पुण्यात नोकरी करणारी माझी भाची "मावशी, मी डीजेचं शिकतेय" म्हणाली, तेव्हा घरात सगळ्यांच्याच भुवया वर गेल्या. मुलीच्या जातीला हे काय सुचलं, इथपासून लग्नाच्या वेळी काय सांगायचं इथपर्यंत सगळं बोलून झालं. मी मात्र तिच्याकडे गेले होते तेव्हा दोन संध्याकाळी शेजारी बसून पाहिलं. आणि गंमत म्हणजे, खोलीत आवाज जवळजवळ नव्हताच. सगळा कारभार कानाशी लावलेल्या हेडफोनमध्ये.

मांडणी सोपी असते. तबकड्या फिरवणारी दोन यंत्रं, म्हणजे टर्नटेबल, आणि मध्ये मिक्सर. (आपला चटणीचा नव्हे!) एक तबकडी सगळ्यांना ऐकू येते. दुसरी फक्त वाजवणारीला, एका कानात. पहिलं गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्या लयीत आणून हळूच त्यात मिसळायचं, असं की नाचणाऱ्यांचा पाय थांबू नये. बस्स, एवढंच. पण या 'एवढंच'ला महिनोन् महिने लागतात.

समजा, एक गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं आहे आणि दुसरं १२१. फरक कितीसा, एका ठोक्याचा! पण दोन्ही एकदम सुरू केली तर अर्ध्या मिनिटात दुसरं अर्धा ठोका पुढे गेलेलं असतं आणि टांग्याच्या घोड्याच्या टापांसारखी खडखड सुरू होते. पूर्वी दोघीजणी एका उखळात दोन मुसळांनी कांडायच्या, आठवतंय? एकीचा हात जरा मागेपुढे झाला की मुसळ मुसळावर आदळायचं. तिथे ठोके आळीपाळीने आणि इथे एकावर एक, पण लागतो तो कान तोच.

आता कृती सांगते. दुसऱ्या तबकडीवरचा पहिला ठोका आधी शोधायचा. तबकडीखाली रबराऐवजी गुळगुळीत नमद्याची चकती असते, त्यामुळे खालचं ताट फिरत राहतं आणि वरची तबकडी बोटांनी धरून ठेवता येते. ती मागेपुढे हलवत सुई नेमकी ठोक्यावर आणायची. मग बाहेर वाजणाऱ्या गाण्याचे ठोके मोजायचे, एक-दोन-तीन-चार, आणि 'एक'वर तबकडी सोडायची. नुसती सोडली तर मागे पडते, किंचित ढकलून सोडावी लागते. झोपाळ्यावरच्या पोराला झोका देतो ना, तितपतच.

भजनी मंडळातल्या बायकांना हे 'एक' प्रकरण वेगळं शिकवायला नको. ती आपली समच! नाचाच्या बहुतेक गाण्यांत ३२ ठोक्यांनी काहीतरी बदलतं. एखादं वाद्य येतं, एखादं जातं. म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं झाली. नवं गाणं त्या वळणावरच आत घ्यायचं. मध्येच घुसवलं तर लय जुळूनही कानाला खटकतं, अभंगाच्या अध्या ओळीत कुणी आरती सुरू करावी तसं.

खरी कसोटी इथून पुढे. दोन्ही वाजतायत, पण पुढे कोण पळतंय आणि मागे कोण राहतंय? सुरुवातीला हेच कळत नाही. खडखड ऐकू येते, पण ती कुणामुळे ते सांगता येत नाही. यावर भाचीच्या शिक्षकांनी दिलेली युक्ती मला फार आवडली. कळत नसेल तर नुसतं थांबून राहू नका, एक बाजू धरा. दुसरी तबकडी जरा पुढे ढकलून पाहा. खडखड वाढली तर उलट करा. ताटाच्या कडेला बोट टेकवलं की वेग किंचित कमी होतो, मधल्या कागदी चकतीवर बोट ठेवून रेटलं की वाढतो. ही झाली तात्पुरती डागडुजी. तीच चूक पुन्हा पुन्हा सुधारावी लागली, तर उजवीकडची वेगाची पट्टी सरकवायची आणि मग परत ऐकायचं. एक कान बाहेरच्या गाण्याकडे आणि एक कान आतल्याकडे! हे ऐकून मला हसूच आलं. कुकरच्या शिट्ट्या आणि पोरांचा अभ्यास, दोन्हींवर एकदम कान ठेवायची सवय आपल्याला कुणी वेगळी लावलीय का?

वेगाची पट्टी साधारण आठ टक्के वर किंवा खाली जाते. पण वेग वाढला की सूरही चढतो. सहा टक्के वाढवलं की पांढरी एकचं गाणं जवळजवळ काळी एकमध्ये जातं आणि बाईचा आवाज चिरका होतो. म्हणून मुळातच जवळजवळच्या वेगाची गाणी निवडायची. शिवाय दोन्हींचा खर्ज एकदम वाजू द्यायचा नाही. एकाचा कमी करत दुसऱ्याचा वाढवायचा, नाहीतर नुसता गदारोळ. लयीपेक्षा हे लवकर जमतं, त्यामुळे त्याचं कौतुक नको.

आणि हो, आपली जुनी हिंदी-मराठी गाणी शिकायला घेऊ नका. ती वाईट म्हणून नव्हे! स्टुडिओत पन्नास-पन्नास वादक बसून एकत्र वाजवायचे, माणसाच्या हाताची लय श्वासासारखी थोडी कमीजास्त होते. यंत्राच्या ठोक्यावर बांधलेल्या गाण्यांवर हात बसवावा आणि मग तिकडे वळावं. आजीची लाखेची ७८ची तबकडी तर मुळीच वापरायची नाही. तिची खाच रुंद, सुई वेगळी, आणि ती हातातून पडली की संपलीच.

ही कला सुरू झाली न्यूयॉर्कमध्ये. १९७०च्या आसपास फ्रान्सिस ग्रासो नावाचा तरुण तिथल्या सँक्च्युअरी क्लबात हेडफोन लावून दोन गाण्यांचे ठोके जुळवायचा. त्याच्याही तबकड्यांवर हाडामांसाचे ढोलकवाले वाजवत होते, म्हणजे लय सारखी सरकणार! त्याच्या कानाचं नवल वाटतं.

पण मला जास्त आवडते ती सिंडी कॅम्पबेल. न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सार्वजनिक खोलीत ११ ऑगस्ट १९७३ला एक पार्टी झाली. हिप-हॉप संगीताचा जन्मदिवस म्हणून आज ती तारीख साजरी होते. नाव गाजलं तबकड्या वाजवणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाचं, डीजे कूल हर्क. पण पार्टी ठरवली होती त्याच्या धाकट्या बहिणीने, सिंडीने. शाळा सुरू व्हायच्या आधी तिला नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी पैसे उभे करायचे होते. निमंत्रणाची कार्डं हाताने लिहिलेली. मुलींना तिकीट २५ सेंट, मुलांना ५०. तिच्या डोक्यात हिशेब पक्का होता! हर्कने एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन त्यातला फक्त ढोलांचा तुकडा आलटून पालटून लांबवला. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने तबकडीवर खडूसारख्या पेन्सिलीने खुणा करून ते काम नेमकं केलं. आपणही साडीला फॉल लावताना खुणा करतोच की!

यंत्राचीही एक गोष्ट आहे. टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० हे टर्नटेबल जपानमध्ये १९७२मध्ये आलं. त्यात पट्टा नाही, मोटर थेट ताटाखाली. १९७९च्या सुधारित नमुन्याला ती सरकती वेगाची पट्टी मिळाली आणि जगभरच्या डीजेंनी तो उचलला. २०१०मध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं. तबकड्यांचा जमाना संपला असंच सगळ्यांना वाटत होतं. २०१४मध्ये टेक्निक्स पुन्हा उभी करायचं काम एका बाईकडे आलं, मिचिको ओगावा. इंजिनिअर, आणि स्वतः जॅझ पियानो वाजवणाऱ्या. २०१६मध्ये एसएल-१२०० पुन्हा बाजारात होतं.

वयाचं म्हणाल, तर तोक्योत ग्योझा नावाच्या कानवल्यांचं हॉटेल चालवणाऱ्या सुमिको इवामुरो यांनी सत्त्याहत्तराव्या वर्षी डीजेच्या वर्गात नाव घातलं. २०१८मध्ये, ८३व्या वर्षी, जगातल्या सर्वांत वयस्क क्लब डीजे म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. दिवसा कानवले, रात्री गाणी! आमच्या मंडळात पंचेचाळिशीतल्या बायका 'आता काय शिकायचं या वयात' म्हणतात, तेव्हा मी हीच गोष्ट सांगते.

आता कुणी म्हणेल, हल्ली संगणकावर एक बटण दाबलं की ठोके आपोआप जुळतात. जुळतात, खरंच. पण भाचीचं म्हणणं असं की, बटण दाबून गाणी जुळतात, कान तयार होत नाही. मिक्सरमध्ये कणीक मळणारीला पोळी बिघडली तर का बिघडली ते कळायला हात लागतोच ना!

घरात कुणाला शिकायचंच असेल तर दोन नवी यंत्रं एकदम घेऊ नका, खर्च मोठा आहे. आधी कुणाकडे तरी जाऊन हात बसतो का पाहावं. तबकड्या मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, चाळून मिळतात. नाचाच्या इंग्रजी तबकड्या तिथे नशिबावर. जुनं टर्नटेबल घेताना वेगाची पट्टी शून्यावर ठेवा आणि ताटाच्या कडेवरचे ठिपके दिव्याच्या उजेडात पाहा. ठरलेली ओळ जागच्या जागी उभी दिसली तर वेग बरोबर आहे, सरकत असेल तर मोटर दाखवून घ्या. सुई मात्र नवीच घ्यावी, झिजलेली सुई तबकडी खाते. आणि हेडफोनचा आवाज लहानच ठेवायचा. दोन गाण्यांतला फरक बारीक आवाजातच नीट ऐकू येतो.