घेवड्याला हा भुंगा का लागत नाही?

पुण्याच्या मार्केट यार्डातून वर्षाचे कडधान्य भरणाऱ्या आपल्या माता-भगिनींना चवळी-मुगाचा भुंगा चांगलाच ठाऊक आहे. मादी दाण्यावर अंडी घालते, अळी दाणा आतून पोखरते आणि भुंगा गोल भोक पाडून बाहेर येतो. परंतु शेजारच्याच डब्यातील कोरेगावचा वाघ्या घेवडा या भुंग्याला पचत नाही. घेवडा ही राजम्याचीच जात. तिच्या दाण्यातील एक प्रथिन अळीला पिष्ट पचू देत नाही. आत शिरलेली अळी उपाशी मरते. घेवड्यातील काही द्रव्ये माणसालाही बाधतात, म्हणून तो रात्रभर भिजवून, पूर्ण शिजवूनच खावा.

बाजारातील मूग-चवळीला असे कवच नाही. म्हणून काही घरांत धान्यात विषारी गोळ्या ठेवतात. एकाच खोलीत स्वयंपाक व झोप असलेल्या कुटुंबाला त्यांचा वायू जीवघेणा ठरतो. आमचे कळकळीचे सांगणे आहे, ही गोळी घरात आणूच नका. कडधान्य कडक उन्हात वाळवा, निवल्यावर एरंडेलाचा हात फिरवा, म्हणजे भुंग्याची अंडी तगत नाहीत. मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. धान्य वाचेल, लेकरेही सुखरूप राहतील.