चित्राची गती आणि चित्राचा दर्जा

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्याच्या आदल्या वर्षी, ‘अंकुराची वाढ’ नावाचा एक चिमुकला चित्रपट तयार केला. वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेल्या या कलावंताने कुंडीत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा मांडला आणि कित्येक दिवस थांबून थांबून त्या रोपाची चित्रे घेतली. ती चित्रे सलग दाखवताच मातीतून कोंब वर येताना आणि त्याला पाने फुटताना प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिली. काळाला घाई करावयास लावण्याची ही विद्या आपल्याकडे शतकाहून अधिक जुनी आहे.

श्रोतेहो, त्या काळी जे एका धडपड्या माणसाला महिना खर्चून साधले, ते आज खिशातल्या फोनवर बोट टेकवून साधते. दहा मिनिटांची मिरवणूक पाच मिनिटांत दाखवता येते, तासाभराचा समारंभ सात-आठ मिनिटांत उरकता येतो. मात्र असा वेग वाढवल्यावर पुष्कळदा चित्र अडखळू लागते, पुसट दिसू लागते आणि माणसांचे आवाज किनरे होतात. मग वेग वाढला की दर्जा घटणारच, अशी समजूत होते. ही समजूत खरी नाही. वेगामुळे स्वतः काहीच बिघडत नाही. बिघाड होतो तो वेग कोणत्या रीतीने वाढवला त्यामुळे.

डिजिटल चलचित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ. या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला २५ फ्रेम घेतल्या असतील, तर दहा मिनिटांत १५,००० फ्रेम होतात. प्रत्येक फ्रेमबरोबर ती केव्हा दाखवावयाची याची वेळही नोंदलेली असते. आता वेग दुप्पट करावयाचा असेल, तर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग नुसती वेळेची नोंद बदलण्याचा. सर्व फ्रेम तशाच ठेवायच्या आणि सेकंदाला २५ ऐवजी ५० दाखवायच्या. यात चित्राच्या एका ठिपक्यालाही धक्का लागत नाही. दुसरा मार्ग एक सोडून एक फ्रेम टाकून देण्याचा. तेथे १५,००० पैकी ७,५०० उरतात आणि बाकीच्या गेल्या त्या गेल्याच.

पहिला मार्ग निर्दोष खरा, पण त्याला मर्यादा आहे. पुष्कळ फोनांचे आणि संगणकांचे पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. २५ फ्रेमचे चित्रण चौपट केले तर सेकंदाला १०० फ्रेम होतील. त्यांतल्या ४० पडदा गाळणारच. तेव्हा मोठ्या वेगासाठी दुसऱ्या मार्गाने जाणे भाग पडते. तेथे गाळणी समान अंतराने व्हावी, हे पहिले पथ्य. दुप्पट, तिप्पट, चौपट असा पूर्ण पटीचा वेग घेतला, तर दर वेळी सारख्याच फ्रेम गळतात. दीडपट घेतला, तर तीनांतली एक गळते; हालचालीचे एक पाऊल आखूड आणि दुसरे लांब पडते. डोळ्याला हे लंगडणे लगेच कळते.

दुसरे पथ्य जरा सूक्ष्म आहे. सेकंदाला २५ फ्रेम घेताना प्रत्येक फ्रेमसाठी शटर साधारणपणे सेकंदाचा पन्नासावा भाग उघडे ठेवण्याचा प्रघात आहे. तेवढ्या वेळात सायकलस्वार थोडा पुढे सरकतो आणि त्याची आकृती किंचित फराटल्यासारखी उमटते. ही फराट दोष नव्हे. तिच्यामुळेच हालचाल सलग भासते. वेग आठपट केला की सायकलस्वार दोन फ्रेमांमध्ये आठपट अंतर तोडतो, पण फराट मात्र पूर्वीएवढीच आखूड राहते. तो जाताना दिसत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारताना दिसतो. अशा वेळी सात फ्रेम टाकून देण्याऐवजी आठही फ्रेमांची सरासरी काढून त्यांची एक फ्रेम करावी. संकलनाच्या चांगल्या साधनांत ही सोय असते. ढग, लाटा, रस्त्यावरची वर्दळ यांना हा उपाय शोभतो. चेहरा ओळखू यावयास हवा असेल, तेथे तो वापरू नये.

आपल्याला वेगवान चित्रच हवे आहे हे आधी ठाऊक असेल, तर फाळक्यांचा मार्ग सर्वांत उत्तम. पाच तासांचा सोहळा दर दोन सेकंदांना एक छायाचित्र या हिशेबाने टिपला, तर ९,००० छायाचित्रे होतात आणि ती २५ च्या गतीने बरोबर सहा मिनिटे चालतात. येथे प्रत्येक फ्रेम हे स्वतंत्र, संपूर्ण छायाचित्र असते.

दर्जा घटण्याचे खरे मोठे कारण मात्र डोळ्याआड असते. फोन चित्रण साठवतो ते दाबून, लहान करून. तो प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. अधूनमधून एक पूर्ण लिहितो आणि मधल्या फ्रेमांचा फक्त फरक नोंदतो. त्यामुळे मधल्या फ्रेम काढावयाच्या तर सर्व चित्र उलगडून पुन्हा दाबावे लागते, आणि प्रत्येक दाबणीत थोडा बारकावा नाहीसा होतो. म्हणून वेग वाढवणे, कापाकापी, रंगसुधारणा ही सर्व कामे मूळ चित्रणावरून एकाच फेरीत करावीत. निरोपाच्या साधनातून आलेली प्रत आधीच दाबलेली असते; ती घेऊ नये. शिवाय वेग वाढला की शेजारच्या दोन फ्रेमांतला फरक वाढतो, म्हणून दर सेकंदाला पूर्वीपेक्षा अधिक माहिती लिहावी लागते. तेथे जागेची काटकसर केली की चित्र चौकोनी ठिगळांचे दिसू लागते.

आता आवाजाकडे वळू. ध्वनी दुप्पट वेगाने वाजवला की तो बरोबर एक सप्तक वर चढतो. मध्य षड्जाचा तार षड्ज होतो. हे टाळण्यासाठी संगणक ध्वनीचे सेकंदाच्या काही शतांश भागांएवढे तुकडे करतो, काही गाळतो आणि उरलेले एकमेकांवर किंचित चढवून सांधतो. स्वर जागेवर राहतो. भाषण सव्वापट, फार तर दीडपट वेगापर्यंत असे बरे चालते. तबल्याचे बोल मात्र सांध्यात सापडून बोथट होतात. आणि स्वर राखला तरी लय राखली जात नाही. विलंबित ख्याल दुप्पट वेगाने लावला, तर तो ख्याल त्या गायकाचा राहत नाही.

थोडासा वेगही परिणाम केल्यावाचून राहत नाही. बोलपट सेकंदाला २४ फ्रेमचा. आपल्याकडची जुनी दूरदर्शन पद्धती २५ ची. म्हणून त्या पद्धतीच्या देशांत चित्रपट २५ च्या गतीने दाखवण्याचा सर्रास प्रघात होता. एकही फ्रेम न गाळता दीडशे मिनिटांचा चित्रपट अशा रीतीने एकशे चव्वेचाळीस मिनिटांत संपे, आणि स्वर न सावरल्यास पांढरी एकमध्ये गायिलेले गाणे काळी एकच्या बरेच जवळ सरके.

मूकपटांची गोष्ट याहून बोलकी आहे. हाताने दांडा फिरवून सेकंदाला सोळा-अठरा फ्रेमांनी घेतलेली कित्येक चित्रणे पुढे २४ च्या यंत्रांवर दाखवली गेली. त्या काळातली माणसे तुरुतुरु धावणारी, हास्यास्पद वाटू लागली आणि एका पिढीच्या अभिनयावर नसता शिक्का बसला. पण त्या फिती जेथे शाबूत होत्या, तेथे गती सुधारताच तीच माणसे पुन्हा माणसांसारखी चालू लागली. कारण चूक फक्त गतीची होती; फ्रेम सर्व जागेवर होत्या.

यातला बोध आपल्या घरच्या चित्रणांनाही लागू आहे. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे चित्रण आपण पाहुण्यांसाठी आटोपशीर करतो आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून मूळ पुसून टाकतो. नातवाला उद्या आजोबांचे सावकाश बोलणे, मध्येच थांबणे, ओवाळताना थरथरणारा हात पाहावासा वाटला, तर तो कोठून आणावयाचा? मधल्या फ्रेम कल्पनेने भरून देणारी साधने आज आहेत. पण ती जे भरतात तो यंत्राचा अंदाज असतो, आजोबांचा हात नव्हे. वेगवान प्रत खुशाल करावी, हवी तितक्या वेळा करावी. मूळ चित्रण मात्र दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावे. वाढवलेला वेग केव्हाही कमी करता येतो. टाकून दिलेली फ्रेम पुन्हा मिळत नाही.