घडाबरोबर जाणारे पालाश

तापीकाठच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात कित्येक कुटुंबांचा वर्षाचा खर्च, मुलांच्या फिया आणि सोसायटीचे कर्ज, ही सारी केळीच्या घडाच्या वजनावर अवलंबून असतात. म्हणूनच बागेत केवळ युरियाच पडत असलेला पाहिला की आम्हांस काळजी वाटते. अनुदानामुळे युरियाची ४५ किलोंची पिशवी २६६ रुपये ५० पैशांस मिळते. पालाशाच्या पिशवीस त्याच्या कितीतरी पट दाम मोजावे लागतात. तेव्हा हात कोणीकडे वळणार, हे सांगावयास नको.

परंतु केळीची भूक निराळी आहे. एका झाडास सुमारे २०० ग्रॅम नत्र द्यावे अशी सर्वसाधारण शिफारस आहे. पालाश मात्र २०० ते ३०० ग्रॅम लागते. युरियात ४६ टक्के नत्र असते, पालाशाचा कणही नसतो. नुसत्या नत्राने बाग हिरवीगार दिसते खरी, पण खोड मऊ राहते, वादळात झाड आडवे होते आणि घड भरत नाही. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपू लागल्या, तर पालाशाची उणीव असावी असा संशय धरावा.

आपली काळी जमीन पालाशाने मुळात संपन्न मानली जाते. पण घडामागून घड बाजारात गेले की साठा कोठवर पुरणार? त्यात घड उतरवल्यावर खोड आणि पाने आपण बांधावर फेकतो किंवा जाळतो. याच खोडात पालाशाचा मोठा वाटा असतो! वास्तविक, टाकाऊ पालापाचोळ्यापासून खत करण्याची जगप्रसिद्ध रीत आपल्या शेजारच्या इंदुरास सिद्ध झाली. तेथील संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वरचेवर उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार केले. आमच्या वाचकांनी खोडाचे बारीक तुकडे करून हेच करावे. विषाणूरोगाची झाडे मात्र त्यात घालू नयेत.

पालाश किती विकत घ्यावे, हे अंदाजाने ठरवू नये. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीच्या बारा गोष्टींची नोंद असते. खत घालण्यापूर्वी शेतातील आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी. उकिरड्याजवळची, झाडाखालची वा बांधालगतची घेऊ नये. ती एकत्र करून सावलीत वाळवावी व अर्धा किलो तपासणीस द्यावी. पत्रिका हाती आली म्हणजे पालाशाबरोबर जस्ताचा आकडाही पाहावा, कारण चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असूनही पिकास सहज मिळत नाही. अशाच जमिनीत उघड्यावर फेकलेल्या युरियातील नत्र वायुरूपाने उडून जाते. तो मातीआड करावा, अथवा ठिबक असेल तर पाण्यातून थोडा थोडा द्यावा.