धावेल तर खरा, पण हाक मारल्यावर परतेल का?

तुमच्या घरी मुधोळ हाऊंड असेल तर त्याची दोन रूपे तुम्ही रोज पाहत असाल. दुपारभर सोफ्यावर लांबलचक पाय पसरून पडलेला हा कुत्रा बाल्कनीतून मांजर दिसताच दुसऱ्या क्षणी ताठ उभा असतो. कोरमंगलात गल्लीच्या तोंडाशीच स्कूटरींची ये-जा आणि पुढे 80 फुटी रस्ता. तिथे हातातून पट्टा सुटला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणूनच अशा कुत्र्याला स्पर्धांमध्ये उतरवण्याचा विचार करत असाल तर फक्त ट्रॉफीकडे पाहू नका. योग्य खेळ निवडलेत तर तुमच्या लाडक्याचा जीव वाचवणारी सवयही त्याच तयारीतून लागते.

नजरेने शिकार करणारा

लॅब्रेडॉर किंवा बीगल नाकाने माग काढतात. मुधोळ, रामपूर, चिप्पीपराई, सालुकी, ग्रेहाऊंड हे नजरेने सावज हेरणारे. लांबवर काही हलले की पाठलाग सुरू. मालकाला विचारायची त्यांची रीतच नाही, कारण माळावर पिढ्यानपिढ्या निर्णय त्यांनी स्वतःच घेतले. ‘हा हट्टी आहे’ असे पटकन म्हटले जाते, पण मला तो आरोप पटत नाही.

मुधोळ हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले गाव. तिथल्या संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि पाचव्या जॉर्ज राजाला त्यांची जोडी भेट दिली. आपल्या महाराष्ट्रात हाच कुत्रा कारवान म्हणून ओळखला जातो. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीत त्याचे नाव ‘कॅराव्हान हाऊंड’ असते. शोचा फॉर्म भरताना ‘मुधोळ’ सापडला नाही तर गोंधळू नका.

एकाच खेळावर का थांबू नये?

त्याच्या रक्तातला खेळ म्हणजे ल्यूअर कोर्सिंग. मैदानात खुंट्यांवर बसवलेल्या कप्प्यांतून दोरी फिरते, मोटर ती ओढते आणि दोरीला बांधलेली प्लास्टिकची पिशवी सशासारखी वळणे घेत पळते. अमेरिकेत या खेळात केवळ वेग मोजत नाहीत. पाठलागातली एकाग्रता, वळण्याची चपळाई, दमसास यांनाही गुण असतात. तिथलाच 100 यार्डांचा, म्हणजे साधारण 91 मीटरचा सरळ धावण्याचा खेळ 2016 पासून सर्व जातींसाठी खुला आहे. भारतात ल्यूअर कोर्सिंग अजून सर्रास होत नाही. इथे केनेल क्लबांचे शो आणि ओबिडियन्सच्या चाचण्या हीच मुख्य वाट आहे. आणि हो, जिवंत सशामागे कुत्रा सोडणे हा खेळ नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

आता ओबिडियन्स हा शब्द ऐकून हाऊंडवाले हसतात. या कुत्र्याला ‘बस’ म्हटले तरी मांड्यांच्या ठेवणीमुळे बसणे अवघडच जाते. पण याच चाचण्यांमध्ये ‘ये’ म्हटल्यावर सरळ मालकाकडे येणे तपासतात, आणि तुम्हाला हवे आहे ते हेच.

त्यासाठी चारही बाजूंनी बंद असलेली जागा शोधा. दहा मीटरची दोरी छातीच्या पट्ट्याला लावा. एका काठीच्या टोकाला दोरी आणि तिला कापडाचा तुकडा बांधा. पहिले काही दिवस कापड जमिनीवर स्थिर ठेवून कुत्र्याला हाक मारा. तो तुमच्याकडे आला की बक्षीस म्हणून बिस्कीट देऊ नका, कापड पळवा आणि त्याला मनसोक्त पाठलाग करू द्या. तुमच्याकडे आले की पाठलाग मिळतो, हे त्याला कळले की अर्धे काम झाले. मग कापड हळू हलत असताना हाक मारा, नंतर वेगात असताना. तीन-चार वेळा झाले की थांबा. हाऊंड कंटाळला की ऐकू येत नसल्यासारखे करतो. इतके जमले तरी रस्त्यावर पट्टा सोडायचा नाही, हे मात्र कायमचे.

पट्ट्यावरून आठवले. या कुत्र्यांचे डोके मानेपेक्षा अरुंद असते. साधा पट्टा मागे सरकताच निसटतो. ओढल्यावर बेताने आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या.

ॲजिलिटी 1978 मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स शोमध्ये प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी सुरू झाली आणि जगभर पसरली. उंच पायांच्या हाऊंडला बोगद्यात वाकून शिरायला आणि ओळीने रोवलेल्या दांड्यांमधून नागमोडी जायला वेळ लागतो. बॉर्डर कोलीशी तुलना केलीत तर निराश व्हाल. पण इथे त्याला वळणावळणावर तुमच्याकडे पाहावे लागते. सतत दूर पाहणाऱ्या कुत्र्यासाठी हा मोठाच बदल असतो.

हवा आणि शरीर

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे, म्हणून पहाटेची हवा धावण्यासाठी उत्तम. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र नाही म्हणजे नाही. पाठलागाच्या भरात हाऊंड स्वतःहून थांबत नाही. थांबवायचे तुम्हाला असते. जीभ गडद लाल, तोल जाणे, जाड लाळ दिसली की लगेच सावलीत न्या, अंगावर साधे पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून धावण्याच्या आधी आणि नंतर लगेच भरपेट जेवण देऊ नका. शस्त्रक्रियेची वेळ आली तर कुत्रा हाऊंड आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ग्रेहाऊंडमध्ये थायोपेंटोनची भूल उतरायला जास्त वेळ लागतो.

एक वर्षाच्या आत स्पर्धेतले धावणे आणि उंच उड्या नकोत, हाडे अजून वाढत असतात. एकाच दिवशी दोन खेळांत नाव घालू नका, दोन्हींची फी भरली असली तरी. पुढे वय झाले, उड्या बंद झाल्या, तर घरातल्या खोक्यांमध्ये खाऊ लपवून वास घेत शोधायला लावा. नजरेवर जगलेल्या म्हाताऱ्या हाऊंडलाही हा खेळ आवडतो, आणि त्यासाठी फ्लॅटचा हॉल पुरतो.